पट आणि दोघीजणी : महाराष्ट्रातील अंगणवाडीची पन्नास वर्षे

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात शिरले की अनेक गावांत कडेला एक वेगळी खोली दिसते. भिंतीवर मोर आणि आंबा रंगवलेला, दाराशी बोटभर चपलांचा ढीग. ही अंगणवाडी. आवार एक, नळ एक, पण पट मोजण्याचा हेतू दोन्हीकडे निराळा. शाळेचा पट संचमान्यतेला जातो आणि त्यावरून शिक्षक ठरतात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावे मूल आले की तिसरा. अंगणवाडीचा पट दर महिन्याला वर जातो आणि त्यावरून ठरतो तो आहार. मुले पंधरा असोत की पंचेचाळीस, सांभाळणाऱ्या दोघीच : एक सेविका, एक मदतनीस. या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात योजना आल्या, नावे बदलली, नोंदवह्या जाऊन मोबाइल आले, पण ही एक गोष्ट जवळजवळ हलली नाही. अंगणवाडीने जे कमावले आणि जे तिच्या हातून निसटले, त्यातले पुष्कळसे याच एका व्यवस्थेतून आले आहे, असे आमचे म्हणणे आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गौरव व्हायला हवाच आणि तो पुढे होईल. पण तो नेमका कशाचा करायचा हे कळण्यासाठी पट आणि माणूसबळ यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पूर्वपीठिका : १९४५ ते १९७५

सरकारी योजना १९७५ ची, पण कल्पना तीस वर्षे आधीची आणि आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी काढली त्या दलित वस्तीतली मुले तिच्याकडे येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, चिंचोके, पाने, खडे हेच साहित्य. आधी नखे, केस, आंघोळ आणि मग गाणी-गोष्टी. अंगणात भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी.

पुढे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे पटाबद्दलचा एक धडा मिळाला. आदिवासी पाड्यावरची सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. मुलगा का येत नाही, तर तो गुरांमागे असतो. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्या रचनेला ‘विकासवाडी’ म्हटले आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. पट वाढावा म्हणून त्यांनी आईबापांना उपदेश केला नाही. तान्ह्याला धरायला एक माणूस नेमला आणि मोठ्या बहिणीचे हात मोकळे केले. आधी हात, मग पट, हा कोसबाडचा क्रम होता. योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव उचलले. क्रम मात्र तिच्याकडून राहून गेला.

१९७५ ते १९८५ : धारणीपासून

राष्ट्रीय बालधोरण १९७४ मध्ये आले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला मेळघाटातला धारणी हा आदिवासी गट आला. योजनेत सेवा सहा : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. लाभार्थी तीन तऱ्हेचे : गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या माता, तीन वर्षांखालची मुले, तीन ते सहाची मुले. साधारण हजार लोकवस्तीला एक केंद्र, आदिवासी भागात सातशेला. हजार वस्तीत त्या काळच्या जन्मदराने सहा वर्षांखालची दीडशेच्या घरात मुले सहज निघत. एवढ्या साऱ्यांसाठी एक सेविका आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस. मानधन मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनीसाला ३५.

आज हे आकडे पाहून संताप येतो, पण योजना आखणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. गावातलीच बाई, दिवसाचे चार तास, आपल्याच शेजारच्या मुलांसाठी. तिला नोकरदार केले तर ती तालुक्याला राहायला जाईल आणि बदली मागेल. मानसेवी ठेवली तर ती गावची राहील. या युक्तिवादात तथ्य होते. पन्नास वर्षांनंतरही अंगणवाडी हे अनेक पाड्यांवर सरकारचे एकमेव उघडे दार आहे, त्याचे मोठे कारण सेविका तिथलीच लेक किंवा सून आहे. पण गावची असणे आणि मानसेवी असणे यांची सांगड घालण्याची काही गरज नव्हती. ग्रामपंचायतीचा शिपाईही गावचाच असतो आणि त्याला कोणी सेवाभावी म्हणून चार तासांत बसवत नाही.

त्या पहिल्या पिढीचे काम कोणत्या स्थितीत झाले, हे एका वजनकाट्यावरून कळते. केंद्र म्हणजे समाजमंदिर, देवळाची ओवरी, कुणाची पडवी, नाहीतर सेविकेच्याच घराची ओसरी. आढ्याला दोरी बांधून तिला घड्याळासारखा गोल साल्टर काटा टांगायचा, खाली कापडाची झोळी. झोळीत मूल बसवले की ते हातपाय झाडते, रडते, काटा थरथरतो. एकीने मुलाला झोळीत निववायचे, दुसरीने काटा थांबण्याचा क्षण पकडून आकडा वाचायचा. मग वाढीच्या तक्त्यावर वय आणि वजनाच्या रेघा जिथे मिळतात तिथे ठिपका. एक मूल नीट तोलायला दोन बायका आणि पाच-सात मिनिटे लागतात. शंभर मुले दर महिन्याला अशी तोलायची तर कामाचे दोन-तीन दिवस त्यातच जातात आणि त्या दिवशी चटईवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलांना गाणे शिकवायला कोणी उरत नाही. ही पिढी फार शिकलेली नव्हती. कित्येकींनी लग्नानंतर पाटी-पेन्सिल पहिल्यांदा हातात घेतली ती या कामासाठी. त्यांची नावे कुठल्याच इतिहासात नाहीत, म्हणून निदान त्यांच्या कामाचे माप इथे नोंदवून ठेवले.

१९८५ ते १९९५ : विस्तार

हे दशक प्रकल्पांच्या संख्येचे. योजना एकेक गट करत राज्यभर पसरली. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिक शिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले आणि १९९२ मध्ये अनुताई गेल्या. सेविकांच्या संघटना याच सुमारास बळावल्या. त्यांच्यात मतभेद होते, पण ते उगाळण्याची ही जागा नव्हे. मानधनाचा प्रश्न सर्वांनी मिळून लावून धरला, एवढे खरे. मग १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. जिथे योजनेचा राज्यातला पहिला प्रकल्प होता, तिथेच. कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुले हे शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचले.

मग अठरा वर्षे अंगणवाडी काय करत होती, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. सातपुड्याच्या त्या दऱ्यांत भूक, हिवताप, अवघड रस्ते, कमी दिवसांची प्रसूती, रोजगारासाठीचे स्थलांतर अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. मूल खंगते आहे हे तक्त्यावर दिसणे हे अंगणवाडीचे काम. दिसल्यावर ते दवाखान्यात नेणे हे वाहनाचे, डॉक्टरचे, रस्त्याचे काम. सगळ्या साखळीचा दोष शेवटच्या कडीवर टाकणे सोपे असते. तरी पुरता बचाव करूनही एक गोष्ट कबूल करावी लागते. जिथे एकेका सेविकेकडे दूरदूरचे पाडे होते, तिथे वजने महिन्याच्या महिन्याला झालीच नसतील, तर त्यात नवल नाही.

१९९५ ते २००५ : योजनेकडून हक्काकडे

राज्याने १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल आला आणि मोजदाद हा राजकारणाचा विषय झाला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात अंगणवाडीतला आहार हा मुलांचा हक्क ठरवला. पुढच्या वर्षीच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मात्र उलटी गोष्ट केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि सहा वर्षांखालची मुले अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्याने प्रयत्न करावा अशा मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. पट आहाराला बांधला गेला आणि माणसाला बांधला गेला नाही, याची कायदेशीर मुळे या दोन निर्णयांच्या मधल्या फटीत आहेत. तीन वर्षांच्या मुलाला खिचडी मागण्याचा हक्क मिळाला, शिकवणारी बाई मागण्याचा मिळाला नाही.

२००५ ते २०१५ : सर्वांसाठी अंगणवाडी

१३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हा या संस्थेच्या वाढीतला सर्वांत मोठा टप्पा. देशात १४ लाख केंद्रे उघडा आणि जिथे सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत पण केंद्र नाही, अशा वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्या, असे न्यायालयाने सांगितले. गमतीची गोष्ट अशी, की त्याच्या सहाच दिवस आधी त्याच न्यायालयाने कर्नाटकातल्या अमीरबी प्रकरणात अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतले पद नव्हे असा निर्णय दिला होता. केंद्रे वाढली, पण ती चालवणारीचे स्थान होते तिथेच राहिले. महाराष्ट्रात मंजूर केंद्रांची संख्या १,१०,४८६ वर गेली. त्यांत ९७,४७५ पूर्ण अंगणवाड्या आणि १३,०११ मिनी. प्रकल्प ५५३ : ग्रामीण ३६४, आदिवासी ८५, नागरी १०४. मिनी अंगणवाडी ही लहान वस्त्यांसाठीची सोय. तिथे मदतनीस नसे, एकटी सेविकाच मुले आणायची, शिजवायची, भरवायची, शिकवायची आणि लिहायची. नोंदवह्याच अकरा होत्या.

याच दशकात राजमाता जिजाऊ मिशनने मुलाच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. ते योग्यच होते, कारण उंचीची तूट त्याच काळात पडते आणि नंतर भरून निघणे अवघड. पण त्यामुळे सेविकेला दुपारी घरभेटी आल्या आणि सकाळची बालवाडी आणखी आक्रसली. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असे प्रमाण सुचवले. ते सुचवणेच राहिले. शेजारच्या शाळेत शिक्षणहक्क कायदा लागू होऊन पटावरून शिक्षक ठरू लागला होता आणि मधल्या भिंतीपलीकडे चाळीस मुलांना दोघीच होत्या.

२०१५ ते २०२५ : पट घसरतो आहे काय

अलीकडच्या काळात सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप असा, की अंगणवाडीचा पटच उरलेला नाही. मूल चार वर्षांचे झाले की इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीची पिवळी गाडी दारात येते आणि अंगणवाडीत राहतात ती ज्यांना दुसरा पर्याय नाही ती. मग तिथे माणसे कशाला वाढवायची? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली, मुलेच कमी झाली. राज्याच्या लोकसंख्येत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाटा २००१ मध्ये सुमारे १४ टक्के होता, तो २०११ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास आला. हा सेविकेचा पराभव नाही. उलट घरोघरी जाऊन दोन मुलांत अंतर ठेवा असे सांगणाऱ्यांत तीही होती. दुसरी, नर्सरीत आईबाप जे विकत घेतात त्याला आपण इंग्रजी म्हणतो. प्रत्यक्षात ते बाईचा वेळ विकत घेतात. नर्सरीतल्या बाईला गरोदर मातेच्या घरी जायचे नसते, वजन घ्यायचे नसते, मतदार याद्यांचे काम नसते. ती तीन तास फक्त मुलांसमोर उभी असते. राज्याने ‘आकार’ हा चांगला अभ्यासक्रम सेविकांच्या हाती दिला. त्यात मुक्त खेळ आहे, गोष्ट आहे, भाषेचे आणि गणिताचे खेळ आहेत. तो चालवायला जो सलग वेळ लागतो, तो देणारा हुकूम कुणी काढला नाही.

हात वाढवले तर फरक पडतो, हे केवळ तर्काने सांगण्याचे कारण नाही. तमिळनाडूत अर्थशास्त्रज्ञांनी ६४० अंगणवाड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या केंद्रांत फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ एक बाई जादा दिली. तिथे शिकवण्याचा वेळ सुमारे दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांची भाषेची आणि गणिताची समज वाढलेली आढळली आणि कुपोषणही घटले, कारण सेविकेला आता वजन-आहाराकडे नीट पाहता आले. मिळणारा लाभ खर्चाच्या कितीतरी पट निघाला. नवी इमारत नाही, टॅब नाही, एक बाई तेवढी जादा. तमिळनाडूत आहाराची शिस्त आधीपासून चांगली, तिथले इथे लागू होईल कशावरून, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की जिथे मुळात हात कमी आणि काम जास्त, तिथे जादा हाताचा फरक अधिकच पडावा.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. पोषण आहार सोडून बाकी खर्च एकेकाळी बहुतांशी केंद्राचा होता. २००९ मध्ये केंद्र-राज्य वाटा ९०:१० झाला आणि २०१५ पासून ६०:४०. राज्यावरचा बोजा वाढला आणि त्याच काळात मानधनाची मागणीही वाढली. २०१७ चा संप, मग डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ चा प्रदीर्घ संप. शासन आणि संघटना यांच्यात कटुता आली. पुढे वाटाघाटींतून मार्ग निघाला. सेविकेचे मानधन २०२३ मध्ये १०,००० रुपये झाले होते, ते २०२४ मध्ये १३,००० वर गेले. मदतनीसाचे ५,५०० वरून ७,५०० झाले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांना उपदान द्यावे असा निर्णय गुजरातच्या एका प्रकरणात दिला. त्यामुळे १९७५ च्या मानसेवी कल्पनेला निदान एक चीर पडली.

पटाबद्दल आणखी एक आक्षेप शासनात दबक्या आवाजात चालतो : पट फुगवलेला असतो. काही ठिकाणी तो फुगवलेला असेलही. आहार पटावर मिळतो, मग पट आहाराकडे झुकणारच. तपासणीचे उपाय झाले. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे नोंदीचे ॲप आले, त्याच वर्षी निकृष्ट आणि सतत गरम होणारे सरकारी मोबाइल हजारो सेविकांनी परत केले, पुढे नवे मिळाले. २०२५ मध्ये घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा टिपून ओळख पटवणे सक्तीचे झाले. चोरी थांबावी हे बरोबर. पण डोंगरावर सिग्नल मिळवत मोबाइल उंच धरून उभी असलेली सेविका त्या वेळी गोष्ट सांगत नसते. प्रत्येक तपासणी शेवटी तिच्याच वेळातून जाते, हे तपासणी आखणाऱ्यांच्या हिशेबात नसते. पट खरा हवा असेल तर तो शाळेसारखा माणसाला बांधावा. मग तो खरा की खोटा हे पाहायला पर्यवेक्षिकेला ॲप लागणार नाही, गावच विचारील की चाळीस मुले आणि तिसरी बाई कुठे आहे?

करोनाकाळात केंद्रे बंद होती, पण सेविका बंद नव्हत्या. घरी आहार पोहोचवणे आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार ताप नि ऑक्सिजन मोजणे, हे त्यांनी केले. त्या काळात चार तासांचे काम म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन वर्षांच्या मुलापासून पायाभूत स्तर मोजायला सुरुवात केली, २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हे प्रशिक्षण आले आणि राज्यात दोन्ही पदांसाठी बारावीची अट झाली. एकीकडे कामाची पातळी चढते आहे, दुसरीकडे रिकाम्या जागा बोलक्या आहेत. भरायच्या म्हणून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या २०,६०१ पदांत सेविकांची ४,५०९, मिनी सेविकांची ६२६ आणि मदतनीसांची तब्बल १५,४६६. पात्र मदतनीस सेविका होते आणि तिची जागा मागे रिकामी राहते, हे एक कारण. मानधनाचा आकडा हे दुसरे. मदतनीस नसली की सकाळी घराघरांत हाका मारत मुले गोळा करणारी, शेंबूड पुसणारी, नळावर हात धुऊन घेणारी नसते. उपस्थितीपटावरची निम्मी हजेरी तिच्या पायांनी आलेली असते.

पट कमी झालेली केंद्रे एकत्र करावीत, असाही विचार अधूनमधून पुढे येतो. कागदावर तो सोयीचा आहे. तीन वर्षांचे मूल किती चालते, हे मात्र कागदावर नसते. वस्तीतल्या वस्तीत अंगणवाडी हवी हे बोर्डीतल्या त्या अंगणात ठरून गेले आहे.

या दशकाअखेरची एक नोंद विशेष म्हणून करायला हवी. राज्यातल्या १३,०११ मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्यांच्यासाठी तितक्याच मदतनीसांची आणि पंचवीस केंद्रांमागे एक या हिशेबाने ५२० मुख्यसेविकांची (पर्यवेक्षिकांची) पदे निर्माण झाली. साल्टर काट्याची जागा आता तान्ह्यांच्या सपाट वजनयंत्राने आणि उंचीच्या फळीने घेतली आहे. फळीवर मूल निजवून एकीने डोके टेकवून धरायचे आणि दुसरीने टाचा सरळ करून सरकपट्टी लावायची असते. मिनी केंद्रात इतकी वर्षे सेविका डोके धरायला मुलाच्या आईला नाहीतर मोठ्या बहिणीला शेतातून बोलावून आणत होती. आता त्या १३,०११ ठिकाणी डोके धरायला दुसरी बाई नेमली जाते आहे.